टिपरू गोड, साखर कमी

मार्च लागला की काटेवाडीच्या शिवारात दुपारचं ऊन चटके देऊ लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा पट्टा. हंगाम सरत आलेला असतो, तोडणीच्या टोळ्या परतीची वाट बघत असतात आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरून उसाच्या शेवटच्या खेपा जात असतात. यंदा माझ्या चुलत्यांचा, अण्णांचा, एकरभर खोडवा तुटला आणि त्याच संध्याकाळी ट्रॉलीचा ॲक्सल मोडला. दुसरी ट्रॉली मिळेपर्यंत दोन दिवस मोळ्या उन्हात पडून राहिल्या. मी पुण्याहून आले होते. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. अण्णांचं उभं आयुष्य उसात गेलं. बांधावर बसून त्यांनी एक टिपरू दातांनी सोललं, निम्मं माझ्या हातात दिलं आणि आमचं बोलणं सुरू झालं. ते इथे मांडते आहे, कारण त्यात दोघांच्याही पदरात काहीतरी पडलं.

अण्णा : हे घे, चावून बघ. दोन दिस उन्हात पडलाय, तरी गोडी बघ कशी हाय. ताज्यापेक्षा जास्तच गोड लागतोय. आन् म्हणं शिळ्या उसाचा उतारा पडतो! जिभेला कळतंय ते खरं, का कागदावरचा आकडा खरा?

मी : दोन्ही खरं आहे, अण्णा. जीभ गोडी मोजते आणि कारखाना दाणा पडणारी साखर मोजतो. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे दोन छोट्या साखरांची जोडी. एक ग्लुकोज, दुसरं फ्रुक्टोज. उसात ही जोडी तुटली की दोघं सुटे होतात. फ्रुक्टोज साखरेपेक्षाही गोड, म्हणून जीभ खूश होते. पण सुट्या साखरेचा पॅनमध्ये दाणा पडत नाही. उलट शेजारच्या चांगल्या साखरेलाही ती दाणा धरू देत नाही. ती जाते मळीत.

अण्णा : म्हंजे गोडी हाय, पण साखर न्हाई.

मी : हो. आणि उसाचा भाव तर साखरेच्या उताऱ्यावर. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त दर, 10.25 टक्के उतारा धरून ठरते.

अण्णा : बरं, जोडी तोडली कुणी? उसाला तर आपण कोयता मारला. कोयता लागला की ऊस मेला. मेलेल्या वस्तूत असलं बारीक काम कोण करत बसलंय?

मी : इथेच माझं आणि तुमचं जुळत नाही. कोयता लागला म्हणून ऊस लगेच मरत नाही. मुळाचं पाणी तुटतं, पण कांड्यातल्या पेशी कितीतरी दिवस जिवंत असतात, श्वास घेत असतात. त्यांच्यात एक प्रथिन आहे, इन्व्हर्टेज नावाचं. ते विकर आहे, म्हणजे एन्झाइम. साखरेची जोडी तोडणं हे त्याचं काम, आणि तोडणी झाली म्हणून ते काम थांबवत नाही. उलट ऊस सुकायला लागला, तापायला लागला की त्याचं काम वाढतं.

अण्णा : विकर म्हंजे किडा का? का जंतू?

मी : दोन्ही नाही. त्याला जीव नाही. तो एक रेणू आहे, पण कामाला नेमलेला. साखर नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवली, जंतूविरहित, साध्या तापमानाला, तर तिच्यातली निम्मी आपोआप तुटायला चारशेपेक्षा जास्त वर्षं लागतील. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दिवशी ठेवलेला पाक आजही निम्म्याहून जास्त शाबूत असता. आणि हे विकर तेच काम उसात तासांत, दिवसांत करतं. शिवाय स्वतः खर्ची पडत नाही. कोयत्यासारखं. एक टिपरू तोडलं की पुढचं.

अण्णा : जीव न्हाई म्हणतीस आन् काम तर जिवंत माणसासारखं सांगतीस. माझं ऐक. बिनजिवाचं काम असं नेमकं हुत न्हाई. दूध नासतं, दही लागतं, पीठ आंबतं, ते सगळं कशाच्या तरी जिवावर चालतं.

मी : तुमच्या बाजूने बोलणारा फार मोठा माणूस होता, अण्णा. लुई पाश्चर. आंबणं हे जिवंत यीस्टचंच काम, जीव गेला की आंबणं गेलं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्या समोरचे रसायनवाले म्हणत होते, हे सगळं रसायन आहे. हा वाद पाश्चर गेल्यावर दोन वर्षांनी मिटला. 1897 साली जर्मनीत एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलात घोटलं, पेशी फोडल्या, पिळून रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. तर रसातून बुडबुडे यायला लागले! एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबत होती. 1907 साली त्याला नोबेल मिळालं.

अण्णा : म्हंजे जीव गेला तरी हत्यारं चालू राहिली.

मी : अगदी तसं. जीव गेला तरी आकार शाबूत होता, म्हणून काम चालू राहिलं.

अण्णा : आकार? रसात कसला आलाय आकार?

मी : प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, वीस प्रकारची. इन्व्हर्टेजच्या साखळीत असे पाचशेच्या आसपास मणी असतात. नुसती लांब पसरलेली साखळी काहीच कामाची नसते. ती दुमडते, गुंडाळते, स्वतःभोवती वळते आणि तिला एक ठरलेला आकार येतो. त्या आकारातच काम असतं.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी रस्त्याकडे हात केला. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाची माणसं पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ते दृश्य असतं.

अण्णा : पायघडीला अंथरलेलं धोतर आन् डोक्याचा फेटा, दोन्ही कापडच. एक सपाट रस्त्यावर पडलंय, दुसरं वळून वळून डोक्यावर बसलंय. फेटा उन्हात डोकं राखतो. सोडला की नुसतं लांब कापड. तसंच म्हणायचं का तुला?

मी : याहून चांगला दाखला मला वर्गात कधी सुचला नाही. फक्त एक फरक आहे. फेटा बांधायला हात लागतात. प्रथिनाचा फेटा स्वतःच स्वतःला बांधतो.

अण्णा : हे काय मी मानत न्हाई.

मी : क्रिश्चन अन्फिन्सन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं. त्याने रायबोन्यूक्लिएज नावाचं विकर घेतलं आणि त्याच्या घड्या उलगडल्या. कशाने, माहीत आहे? आपण उसाला टाकतो त्या युरियाने! युरियाच्या दाट द्रावणात, सोबत एक दुसरं रसायन घालून, प्रथिनाच्या साऱ्या गाठी सुटल्या आणि काम बंद पडलं. मग दोन्ही हळूहळू काढून टाकलं, तर साखळी आपोआप पुन्हा तशीच वळली आणि कामाला लागली. कसं वळायचं हे मण्यांच्या क्रमातच लिहिलेलं असतं. 1972 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

अण्णा : आन् आपल्या विकराचा आकार कसा हाय? बघितलाय कुणी?

मी : हो. क्ष-किरणांनी. यीस्टमधल्या इन्व्हर्टेजची पूर्ण रचना 2013 साली प्रसिद्ध झाली. या घराण्यातल्या विकरांचा मुख्य भाग पाच पात्यांच्या भिंगरीसारखा असतो आणि पात्यांच्या मधोमध एक खळगा. साखरेचा रेणू त्यात येऊन बसतो. खळग्यात दोन मणी समोरासमोर असतात, एक ॲस्पार्टिक आम्लाचा, एक ग्लुटॅमिक आम्लाचा. एक जोडाला आतून धरतो, दुसरा एक हायड्रोजन देऊन जोड सैल करतो. मग पाण्याचा एक रेणू मध्ये शिरतो आणि जोड सुटतो. साखळीत हे दोन मणी एकमेकांपासून दोनशेच्या आसपास मणी लांब असतात. साखळी नीट वळते तेव्हाच ते समोरासमोर येतात.

अण्णा : म्हणून घडी बिघडली की काम गेलं.

मी : हो. कासेतून नुकताच काढलेला चीक पातळ असतो. वाफवला की खरवस होतो. आत काय झालं? उष्णतेने प्रथिनांच्या घड्या सुटल्या आणि साखळ्या एकमेकींत अडकल्या. खरवसाचा पुन्हा चीक होत नाही.

अण्णा : आता माझी बाजू ऐक. माझ्या वडलांचं गुऱ्हाळ हुतं. सकाळी ऊस तोडायचा, त्याच दिशी घाण्याला लावायचा. रस निघाला की लगेच काहिलीत, चुलवाणाला जाळ. आदल्या दिशीचा ऊस ते शिवत नव्हते. म्हणायचे, शिळ्या उसाचा गूळ बसत न्हाई, ढेप चिकट हुती. त्यांना तुझी भिंगरी ठाऊक नव्हती, आकार ठाऊक नव्हता. तरी गूळ उत्तम व्हायचा. मग शास्त्रानं नवं काय सांगितलं?

मी : त्यांनी जे केलं ते का बरोबर होतं, ते सांगितलं. ताज्या उसात जोडी शाबूत असते. जाळ लागला की विकराची घडी सुटते, खरवसासारखीच, आणि ते जागीच थांबतं. रसाला चुन्याची निवळी देतात, त्याने आंबटपणा मोडतो, कारण आंबटपणातही साखर तुटते. म्हणजे आजोबा रोज विकरशास्त्र करत होते. फक्त कारण माहीत नसलं की रीत एका गुऱ्हाळापुरती राहते. गुळाची रीत कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत कुठे पोहोचली?

अण्णा : हे मात्र खरं बोललीस. गुऱ्हाळाला आम्ही तासाचा हिशोब ठेवायचो. कारखान्याच्या उसाला दिवसाचा हिशोब ठेवतो.

मी : आणि गंमत म्हणजे विकराच्या वेगाचं शास्त्र याच साखरेच्या तुटण्यावर उभं राहिलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'पोल' मोजतात ना?

अण्णा : मोजतात. पोल आन् ब्रिक्स.

मी : पोल म्हणजे पोलारिमीटरचा आकडा. एका पातळीत कंप पावणारा प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला की तो उजवीकडे वळतो. साखर तुटली की ते मिश्रण त्याला डावीकडे वळवतं. दिशा उलटली, म्हणून या तुटण्याला 'इन्व्हर्शन' म्हणतात आणि विकराला इन्व्हर्टेज. 1913 साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी याच विकरावर, याच उपकरणाने विकराच्या वेगाचा नियम बसवला. आज औषधं तपासतानाही तो नियम वापरतात.

अण्णा : काय नियम?

मी : साखर वाढवत गेलं की तोडण्याचा वेग आधी वाढतो, मग एका जागी येऊन थांबतो. त्यापुढे कितीही साखर घाला, वेग वाढत नाही.

अण्णा : यात नवल काय? कारखान्याच्या गेटावर शंभर गाड्या उभ्या ऱ्हाऊ दे न्हाईतर पाचशे, गव्हाण जेवढं घेती तेवढंच गाळप. सगळे खळगे भरले की रांग.

मी : हाच तो नियम. त्याचं गणित लिहिताना मायकेलिस-मेंटेन जे म्हणाले, ते तुम्ही गेटावर उभं राहून बघितलं. उसाच्या कांड्यात साखर एवढी भरलेली असते की विकराला कधी रिकामं बसावं लागत नाही.

अण्णा : सगळी नावं परदेशातली. आपल्याकडं कुणी ह्यात हात घातला का न्हाई?

मी : घातला, आणि तोही एका मराठी बाईने. कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची बहीण. 1933 साली त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी घालून घेतलं तरी गेल्या आणि काम करून दाखवलं. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं. प्राणी श्वास घेतात तेव्हा पेशीत जे प्रथिन राबतं, तेच वनस्पतीतही. 1939 साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. मगाशी मी म्हणाले, तोडलेला ऊस श्वास घेतो. तो श्वास ज्या प्रथिनांच्या साखळीवर चालतो, तिच्यातली ही एक कडी. इन्व्हर्टेजने साखर तोडायची आणि श्वासाने ती जाळायची, असं मोळीत चाललेलं असतं.

अण्णा : मग एक कर. तुमी शास्त्रज्ञ मंडळींनी हे विकर उसातनं काढूनच टाका. 86032 सारखाच एक वाण काढा, त्यात हे न्हाई.

मी : तिथे थांबावं लागतं. विकर उसाचा वैरी नाही. पानात साखर तयार होते आणि खाली कोवळ्या कांड्यांकडे, मुळांकडे जाते. तिथे ती तोडल्याशिवाय कोवळ्या पेशींना वापरता येत नाही. वाढत्या कोवळ्या भागात इन्व्हर्टेज भरपूर असतं, ऊस पक्व झाला की कमी होतं. म्हणून तर वाढ्याजवळचं कांडं कमी गोड. मक्याच्या एका वाणात याच विकराचा एक प्रकार निकामी असतो. त्याचे दाणे खुरटतात.

अण्णा : म्हंजे ज्यानं ऊस वाढवला, तेच तोडणीनंतर साखर खातं.

मी : तेच. ते बदललेलं नाही. आपण ऊस तोडला, तेव्हा वाढ थांबली. विकराला ते कळायला मार्ग नाही.

अण्णा : आता माझा शेवटचा सवाल. आकार कळला, काम कळलं. तुझ्या त्या आकाराच्या चित्रात ऊन कुठं हाय? पाण्याचा ताण कुठं हाय? जळिताचा ऊस, यंत्रानं तुकडे केलेला ऊस, थंडीतला ऊस, ह्या सगळ्यांत विकर एकच, पण नासाडी येगयेगळी. आकार बघून तू सांगशील का, माझी मोळी कधी बिघडणार?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. गेल्या काही वर्षांत आकाराच्या बाजूने केवढी मोठी मजल मारली गेली आहे. मण्यांचा क्रम दिला की अल्फाफोल्ड नावाची संगणक प्रणाली प्रथिनाची घडी सांगते. 2022 मध्ये अशा वीस कोटींहून जास्त प्रथिनांचे आकार सर्वांसाठी खुले झाले आणि 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच क्षेत्राला मिळालं. वर्गात मी हे अभिमानाने सांगते. पण अण्णांचा प्रश्न त्या चित्राबाहेरचा होता.

मी : नाही सांगता येणार, अण्णा. नुसत्या आकारावरून नाही. आकार सांगतो की हे विकर काय करू शकतं. किती वेगाने करेल, ते ऊन, पाणी, आंबटपणा आणि वेळ ठरवतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की बहुतेक विकरांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, घडी सुटेपर्यंत. म्हणून डिसेंबरातले दोन दिवस आणि मार्चमधले दोन दिवस सारखे नसतात. जळिताच्या उसात पेशी फुटलेल्या असतात. तुकडे केलेल्या उसाला कापलेली तोंडं जास्त, तिथून जंतू शिरतात, त्यांचं स्वतःचं विकर साखरेपासून बुळबुळीत डेक्स्ट्रान बनवतं.

अण्णा : टोकाला चिकट धागा लागतो, तो?

मी : तोच. आणि डेक्स्ट्रानही प्रकाश उजवीकडेच वळवतं, म्हणून पोलचा आकडा फुगतो. म्हणजे उपकरणही फसतं, जिभेसारखंच. तुम्ही विचारता त्या ऊन आणि ताणाच्या प्रश्नांवर माळेगाव खुर्दला, आपल्या बारामतीतच, 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काम करते आहे. आकाराचं शास्त्र आणि शिवाराचं शास्त्र एकमेकांना विचारल्याशिवाय पुरं होत नाही, हे मी आज तुमच्याकडून घेऊन जाते.

अण्णा : आन् मी हे घेऊन जातो, की जीभ दरवेळी खरं सांगत न्हाई. गोड लागलं म्हणून साखर शाबूत हाय असं न्हाई. इतकी वर्षं मी टिपरू चावून न्याय देत आलो.

संध्याकाळी दुसरी ट्रॉली आली. मोळ्या भरून झाल्यावर अण्णांनी खिशातली वही काढली. तिच्यात लागणीची तारीख, खतं, पाण्याच्या पाळ्या, टनेज हे सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. त्या दिवशी त्यांनी एक नवा रकाना आखला : तोडणी किती वाजता, गव्हाणीत किती वाजता. पहिल्याच ओळीत पन्नास तासांचं अंतर लिहावं लागलं, आणि ते लिहिताना त्यांचा हात जड झाला होता.

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक ऊस उत्पादकाला, मुकादमाला आणि शेती विभागात काम करणाऱ्याला माझी विनंती आहे की तोडणीची तारीख लिहिता, तिच्याशेजारी वेळही लिहा. ज्या फडाला वाहन नक्की आहे तोच फड आधी तोडा. तुटलेल्या मोळ्या सावलीत, पाचटाखाली झाकून ठेवा. आणि चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडेल असं बघा. कोयता लागल्या क्षणापासून त्या पाच पात्यांच्या भिंगरीत एकेक जोडी सुटत असते.